टेंभेकर मॅडमचा फोटो

टेंभेकर मॅडम गेल्या त्या आठवड्यात भिंतीवर लावायला त्यांचा एक फोटो आख्ख्या कॉलेजात सापडेना. जवळजवळ तीस वर्षांची नोकरी. तेवढ्या काळात संमेलनं झाली, परिसंवाद झाले, निरोपसमारंभ तर दर उन्हाळ्यात असायचेच. पण फोटोवाल्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं की बाईंना नेमकं काहीतरी काम आठवायचं. शेवटी ऑफिसातल्या बाबूनं त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. इंचभर चेहरा ओढून हातभर केला की नाकडोळे जागेवर राहतात, पण माणूस राहत नाही. त्यात कॉलेजच्या शिक्क्याची अर्धी गोलाई त्यांच्या गालावर आली होती, तीही मोठी झाली. त्यालाच आम्ही हार घातला आणि पुढं त्याच फोटोखाली बसून त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचे नियम केले. ते नियम माझ्या अक्षरात आहेत. म्हणून हे लिहायला बसलो आहे, आठवणी काढायची हौस म्हणून नाही.

उमरेड रोडवरच्या आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्या विकृतिशास्त्र शिकवायच्या. सोप्या भाषेत सांगायचं तर जनावर कशानं मेलं ते शोधायचं शास्त्र. मी औषधं शिकवायचो. माझा विषय जिवंत जनावरांचा, त्यांचा मेलेल्यांचा, आणि दोघांच्या खोल्यांमध्ये एक जिना. बुटकी, सावळी, रुंद खांद्यांची बाई. हुडकेश्वरला स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं, तिथून स्कूटीवर यायच्या. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही असं विचारायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

डाव्या मनगटावर पोलादी पट्ट्याचं पुरुषी घड्याळ असायचं आणि ते उलटं बांधलेलं, तबकडी आतल्या बाजूला. वडिलांचं होतं. वडील खापरखेड्याच्या पावर हाऊसमध्ये राखेच्या विभागात कामगार होते आणि मॅडम तिथल्याच कामगार वसाहतीत वाढल्या. मी एकदा घड्याळ उलटं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काचेवर रक्त उडते जी. बाबाची वस्तू हाय." वेळ पाहायची तर हात उताणा करावा लागायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं बाई काहीतरी मागते आहे. त्यांनी कोणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बोलायच्या ठेवणीतलं नागपुरी. वर्गात इंग्रजी, परीक्षकांसमोर शुद्ध मराठी आणि स्टाफरूममध्ये मात्र मुद्दाम, ठासून, मले-तुले. आमचे प्राचार्य पुण्याहून शिकून आलेले. त्यांना ते खुपायचं. ते समोर असले की मॅडमचं नागपुरी आणखी चढायचं.

शवविच्छेदनाच्या खोलीला सगळे पी.एम. हॉल म्हणायचे. मध्ये सिमेंटचा ओटा, त्यावर जनावर, भोवती मुलं. तिथलं काम आटोपलं की मॅडम कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या, स्टाफरूममध्ये यायच्या आणि लगेच डबा उघडायच्या. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कधी सुकट. त्या वेळेला बाकीच्या मंडळींना नेमका चहाला बाहेर जायचा मूड यायचा. कोणी काही बोलायचं नाही. आम्ही सुशिक्षित लोक, आम्ही बोलत नसतो. खुर्च्या मागं सरकायच्या आणि दोन मिनिटांत खोली रिकामी. मी मात्र बसून राहायचो. बसून राहतो याचा मला थोडा अभिमानही होता. वर्षभरानं एके दिवशी भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "पाठक सर, बसाचं तं बसा जी. पण उपकार केल्यावानी नोका बसू."

मला राग आला होता. आजही तो प्रसंग आठवला की पहिल्यांदा रागच येतो, लाज नंतर.

त्या येण्यापूर्वी पी.एम. हॉलची एक रीत होती. लिहून ठेवलेली नव्हती, त्यामुळे कोणाला खोडताही यायची नाही. दहा-बारा मुलांची तुकडी आत गेली की त्यातली दोन-तीन पुढं व्हायची आणि सुरी धरायची. बाकीची मागं रुमाल लावून उभी राहायची आणि रजिस्टर लिहायची. पुढं कोणी व्हायचं हे दरवर्षी आपोआप ठरायचं. आडनावं वाचली की ठरायचं. मीही त्याच रीतीत शिकलो. मी रजिस्टर लिहायचो, आणि माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला ते देतात असं पदवी मिळेपर्यंत मी खरोखर समजत होतो.

मॅडमनी पहिल्याच वर्षी ती रीत मोडली. हॉलच्या दारावर हजेरीपट चिकटवला. सुरी रोल नंबरानं. एक नंबर आज कापेल, दोन नंबर रजिस्टर लिहील, उद्या दोन नंबर कापेल. रुमाल बंद. कोणी काही सबब सांगायला लागलं की त्या हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "रोल नंबर किती?" मुलगा नंबर सांगायचा आणि नंबर सांगता सांगताच त्याला कळायचं की सबब संपली.

आणि सुरी द्यायची त्यांची एक तऱ्हा होती. त्या ती टेबलावर ठेवायच्या नाहीत. डावा हात पुढं करायच्या, तळवा वर, त्यावर सुरी आडवी ठेवलेली, मूठ मुलाकडं. तबकातून पान-सुपारी द्यावी तशी. मुलानं उचलेपर्यंत तो हात हलायचा नाही. तळव्याखाली मनगटावर ती तबकडी दिसायची. पोरं म्हणायची की मॅडमच्या हातून सुरी घेताना आधी किती वाजले ते दिसतं.

एका वर्षी सतरा नंबरला अंकित नावाचा मुलगा होता. इतवारीतल्या बड्या कापड व्यापाऱ्याचा. त्याची पाळी यायच्या आदल्या दिवशी त्याचे वडील प्राचार्यांकडं आले. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं आणि मला मध्यस्थ म्हणून. मला लोक मध्यस्थ म्हणून फार बोलावतात, कारण माझ्यामुळं कुठलीच बाजू जिंकत नाही.

"मॅडमजी, आमच्या पोराले कुत्र्या-मांजराचाच दवाखाना टाकाचा हाय," वडील म्हणाले. "त्याले हे म्हशी-गिशी कापाले काहून लावता?"

"कुत्रे मरत नाहीत काय जी?" मॅडमनी विचारलं.

"तसं नाही. आमच्या घरी हे चालत नाही. तुमच्याकडे करणारे पोरं असतीनच ना. त्याईले लावा. काही लागलं तं सांगा."

प्राचार्य टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मॅडमनी हात उताणा करून वेळ पाहिली.

"त्याचा नंबर सतरा," त्या म्हणाल्या. "आज सोळा झाला, उद्या त्याची पाळी. अठराच्या आगुदर. याच्यात मी काही करू शकत नाही, अन तुम्हीही नाही."

दुसऱ्या दिवशी अंकितनं सुरी उचलली आणि पहिल्या छेदालाच डोळे फिरवले. मॅडमनी त्याला पडू दिलं नाही. पाठीमागून धरून ओट्याला टेकवून उभं केलं, पाणी पाजलं, आणि पुन्हा तळवा पुढं केला. त्यानं ते जनावर पूर्ण केलं. पुढं तो चांगला डॉक्टर झाला, वडील म्हणाले तसा कुत्र्या-मांजरांचाच, रामदासपेठेत, काचेच्या दाराचा दवाखाना. मॅडमबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते खोटं नव्हतं. हे मी आताच सांगून ठेवतो, कारण पुढं तो येणार आहे.

कन्हान नदीच्या पलीकडच्या एका गावातून एकदा फोन आला की गाय उभ्या उभ्या कोसळली. मॅडम निघाल्या. मलाही गाडीत बसवलं, "औषधवाला पायजे" म्हणून. औषधाचं काही काम उरलेलं नव्हतं. गाय गोठ्यामागं पडली होती, पोट फुगलेलं, नाकातून काळपट पातळ रक्त. गावातल्या लोकांनी तेवढ्यात एका म्हाताऱ्याला बोलावून आणलं होतं. गावाच्या टोकाच्या वस्तीतला. दोर आणि सुरी घेऊन तो उकिडवा बसला होता. जनावर ओढायचं, चामडं काढायचं, चामडं त्याचं. गावाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मॅडम गाडीतून उतरल्या त्या थेट त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "बाबा, हात नोका लावू. सुरी ठेवा खाली."

मग त्यांनी हातमोजे चढवले, गाईच्या कानाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब घेतला आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय होता. त्या रोगानं मेलेलं जनावर उघडायचं नसतं. उघडलं की रोग मोकळा होतो आणि पहिला धरतो तो उघडणाऱ्याचा हात. मॅडमनी हे सगळं समजावून सांगितलं, जेसीबी बोलवा, खोल खड्डा करा, चुना टाका म्हणाल्या.

"पण वढन कोण मंग?" सरपंचानं विचारलं. "यानं नाही वढलं तं?"

"जेसीबी वढन."

सरपंच जरा वेळ त्यांच्याकडं पाहत राहिला. मग अगदी आपुलकीनं म्हणाला, "मॅडम, तुमचं गाव कोणतं जी?"

"खापरखेडा. पावर हाऊस."

"ते नाही. मूळ गाव."

"मूळ गाव पावर हाऊस," मॅडम म्हणाल्या आणि काचपट्टी डबीत ठेवायला लागल्या.

म्हातारा उठला. जाता जाता कुरकुरला, "माह्यं चामडं गेलं ना वं बाई." त्या दिवशी त्या गावात कोणी मॅडमना काही बोललं असेल तर ते एवढंच. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्या काचपट्टीवर काळपुळीच निघाली. म्हातारा वाचला, आणि आपण वाचलो हे त्याला बहुधा कधी कळलं नाही.

परतताना गाडीत मॅडम काचपट्टीची डबी मांडीवर धरून बसल्या होत्या. कन्हानचा पूल ओलांडल्यावर आपण होऊन बोलायला लागल्या. एवढं सलग त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

"माहे आजोबा हेच करत होते जी. गावाचे ढोरं वढत. मंग दीक्षा घेतली अन त्याईनं दोर फेकला. उपाशी राह्यले, पण फेकला. माह्या बापानं तं ढोर वढलेलं पाह्यलंही नाही. मी मटन आणाले गेली तरी तोंड फिरवून उभी राहो. मंग मी कॉलेजात आली. पहिला पी.एम. आमच्या सरानं यादी पाह्यली, माह्यं नाव घेतलं अन म्हणाले, ये पुढं, तुमच्याकडं हात बसलेला असतो."

मी औषधांची पेटी मांडीवरून खाली ठेवली.

"अन सुरी हातात नाही देल्ली त्यानं. ओट्यावरून सरकवली माह्याकडे. मी उचलली. पहिल्याच झटक्यात पोट फोडलं, सारी घाण त्याच्या बुटावर. सारे हासले. सर म्हणाले, अरे, विसरली का?" त्यांनी खिडकीची काच वर केली. "त्या दिवशी ठरवलं जी. हात बसवाचाच. असा बसवाचा का त्यानं येऊन पाह्यलं पायजे. अन सुरी कोणाले सरकवाची नाही."

नंतर पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "ढोरं वढणाऱ्याच्या घरच्या पोरी ढोराच्या डॉक्टर झाल्या पायजे. वढणारे नाही. का मेलं ते सांगणारे."

हे त्यांनी मलाच का सांगितलं, मला ठाऊक नाही. कदाचित मी शेजारी बसलो होतो म्हणून. पण सांगितलं, आणि रोल नंबरामागची खरी गोष्ट माहीत असलेला कॉलेजातला मी एकटाच माणूस झालो. याचा पुढं काय उपयोग झाला ते आता सांगतो.

दर रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या त्या दोन खोल्यांत दहा-बारा मुली असायच्या. खापरखेड्याच्या, कन्हानच्या, इकडच्या-तिकडच्या वस्त्यांमधल्या, बारावीच्या. मॅडम त्यांना प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्र शिकवायच्या आणि दुपारी खिचडी करून घालायच्या. त्यातल्या काही आमच्याकडं आल्या, काही दुसरीकडं गेल्या, पुष्कळशा कुठंच गेल्या नाहीत. मॅडम मात्र रविवार चुकवायच्या नाहीत. अशाच एका रविवारी शिकवता शिकवता त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. निवृत्तीला वर्ष होतं.

शिष्यवृत्तीची कल्पना त्या रविवारच्या मुलींचीच. आता त्यांतल्या कोणी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर, कोणी डेअरीत. त्यांनी आपापसांत निधी जमवला आणि कॉलेजला तीन ओळींचं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाची मेलेली जनावरं ओढावी लागली, चामडी काढावी लागली, त्या घरांतल्या मुलींना टेंभेकर मॅडमच्या नावानं ही शिष्यवृत्ती द्यावी. बस, एवढंच. अंकितनंही मोठा वाटा दिला. समिती नेमली गेली. त्यात प्राचार्य, अंकित आणि मी. माझं अक्षर चांगलं म्हणून नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं.

"भाषा जरा टोचते," पत्र वाचून प्राचार्य म्हणाले. "चामडी वगैरे. माहितीपत्रकात छापायचं आहे."

मी 'वंचित घटकांतील विद्यार्थिनी' असं लिहिलं.

"विद्यार्थिनीच का?" प्राचार्य म्हणाले. मी 'विद्यार्थी' केलं.

मग अंकित बोलला, आणि अगदी मनापासून बोलला. "सर, मॅडमनं कधी कोणाचं आडनाव नाही पाह्यलं. माह्यंही नाही. सगळ्याईले रोल नंबर. त्याईच्या नावाच्या शिष्यवृत्तीत आपण कोण कोणत्या घरचा ते विचाराचं? मॅडमले चाललं नसतं हे." शिक्का मारलेल्या गालाच्या मॅडम भिंतीवरून पाहत होत्या.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. रोल नंबर कुठून आला ते मला माहीत होतं. कोणाचंही आडनाव पाहायचं नाही असं त्यांनी का ठरवलं, कोणी त्यांचं आडनाव पाहिलं होतं, सुरी कशी सरकवली होती, कन्हानच्या पुलानंतर काय काय बोलल्या होत्या, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मध्येच असलं काही काढलं की सभेला कडवटपणा येतो. अंकितला वाईट वाटलं असतं. चहा आला होता. मी 'वंचित घटकांतील' हे शब्द खोडले आणि 'सर्व समाजघटकांतील गुणवंत व पशुप्रेमी विद्यार्थी' असं लिहिलं. वाक्य छान जमलं असं प्राचार्य म्हणाले.

पशुप्रेम मोजायचं कसं असा प्रश्न निघाला. अंकितनं सुचवलं, अर्जासोबत एक पानाचा निबंध आणि अर्जदाराचा प्राण्यासोबतचा एक फोटो. तेही मी लिहिलं.

मुलाखतीच्या दिवशी शेवटी दोन अर्ज उरले. पहिला शहरातल्या एका मुलीचा. हुशार, नम्र, तिचा काहीही दोष नाही. निबंध तिच्या ब्रूनो नावाच्या लॅब्राडॉरवर, फोटोत ती आणि ब्रूनो गवतावर बसलेले. दुसरा रोशनीचा. कन्हानची, बाप कोळशाच्या ट्रकवर हमाल, शेवटचं वर्ष, मॅडमच्या रविवारच्या मुलींतली. वसतिगृहाचं शुल्क थकल्यामुळं तिला पुढच्या महिन्यात खोली सोडावी लागणार होती. मार्क चांगले, पहिलीपेक्षा थोडे कमी. निबंध अर्ध्याच पानाचा. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'माझे आजोबा गावाची मेलेली जनावरं ओढत. ती कशानं मेली हे त्यांना कोणी सांगितलं नाही, ते शोधायला मी शिकते.' आणि तिच्या घरात पाळलेलं कुत्रं नव्हतं, गवत नव्हतं. फोटोत ती गमबूट आणि रबरी एप्रन घालून पी.एम. हॉलच्या ओट्याजवळ उभी होती आणि ओट्यावर मेलेली म्हैस होती.

अंकितला हसू आवरेना. वाईट हसू नव्हतं ते. "प्राण्यासोबतचा फोटो म्हटला म्हणून हा लावला," तो म्हणाला. फोटो हातोहात फिरला. माझ्याकडं आला तेव्हा मीही हसलो आणि पुढं दिला.

प्राचार्यांनी फोटो पाहिला, मग समोर बसलेल्या रोशनीकडं पाहिलं. त्यांना तिचं कौतुकच करायचं होतं. "उभी मात्र मस्त राहिलीस हां," ते म्हणाले. "बाकीच्या मुली घाबरतात. तुमच्याकडं काय, हात बसलेला असतो."

रोशनीनं मान वळवली. ती माझ्याकडं पाहत होती. मॅडम माझ्याशी बोलायच्या, म्हणून मला ती आपल्यातला समजत असावी. मी मान खाली घातली आणि गुणतक्त्यात आकडे भरले. ब्रूनोच्या मालकिणीला शिष्यवृत्ती मिळाली. पत्रकार आले, फोटो निघाले, मी मॅडमवर पाच मिनिटं भाषण केलं आणि लोकांना ते आवडलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी रोशनी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिनं वसतिगृह सोडलं होतं, आता कन्हानहून रोज दोन बस बदलून येत होती. खांद्याला भरलेली बॅग.

"सर, तो फोटो वापस पायजे होता जी," ती म्हणाली.

"कोणता?"

"अर्जाले लावला होता तो. माहा मोबाइल पाण्यात पडला, बाकी सारे गेले. तो एकच छापला होता."

मी कपाटातून फाइल काढली. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं पडली होती. देता देता सहज म्हणालो, "एवढा काय खास आहे या फोटोत?" हे मी प्रेमानं विचारलं होतं.

"मॅडमचा हात हाय जी त्याच्यात," ती म्हणाली. "म्हणून लावला होता. मले वाटलं, तुम्ही ओळखसान."

मी फोटो परत माझ्याकडं घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. रोशनी मध्ये उभी, तिचा उजवा हात अर्धा पुढं झालेला. आणि डाव्या कडेला, फोटोच्या चौकटीतून आत आलेला एक हात. फक्त कोपरापासून पुढचा. माणूस सवयीप्रमाणं चौकटीच्या बाहेर राहिलेला. तळवा वर, त्यावर आडवी सुरी, मूठ रोशनीकडं. मनगटावर पोलादी पट्टा आणि आत वळवलेली तबकडी. किती वाजले होते तेही वाचता येत होतं, अकरा वाजून दहा मिनिटं. तीस वर्षं शेजारी बसून त्या हाताला भाकरी मोडताना पाहिलं होतं. तो आमच्या टेबलावरून हातोहात फिरला आणि मी हसून पुढं दिला होता.

"रोशनी," मी म्हणालो, "याची एक प्रत काढून घेऊ का? भिंतीवरचा फोटो चांगला नाही. हा मोठा करून तिथं लावू."

तिनं माझ्या हातातून फोटो घेतला, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला आणि प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला.

"नाही जी," ती म्हणाली. "तेथी नोका लावू."

आणि बॅगची चेन ओढून ती दोनच्या बससाठी निघून गेली.